कमळाचा कंदील

पायल सकाळपासून भांडत होती, तेही नुसत्या बोटांनी. तोंडातून चकार शब्द नाही. दुपारचे दोन वाजले, ताटातली पोळी वाळून कडक झाली, तरी पोरीनं फोनवरून मान वर केली नाही. उद्या बुद्धपौर्णिमा. खिरीचे तांदूळ निवडायचे पडले होते. विहाराच्या दाराशी कंदिलासाठी आकडा ठोकून तयार होता. आणि जिनं कंदील केला ती महाराणी कूलरसमोर मांडी घालून अख्ख्या जगाशी लढाई करत होती.

तुळसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिची शाळा दुसरीत सुटली, पण मनीषनगरातलं हे घर तिच्याच शब्दावर चालत होतं. मुलगा धम्मानंद बँकेत साहेब, तोही आईसमोर आवाज खाली ठेवून बोलायचा. आणि ही नात तीनदा हाक मारूनही ओ देत नव्हती.

“कोनाशी भांडून राहिली वं?”

“चीनवाल्यांशी.”

“त्याईनं तुयं काय खाल्लं?”

पायलनं सुस्कारा सोडला आणि सांगितलं. तिनं आपल्या कंदिलाचा व्हिडिओ टाकला होता. ‘बुद्धजयंतीचा कोरियन कमळ-कंदील, आमच्या नागपुरात,’ असं खाली लिहिलं होतं. दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. मग चीनचे लोक आले. म्हणाले, कंदील आमचे, कोरियानं उचलले. कोरियाचे लोक धावून आले. म्हणाले, आधी आमच्या लोणच्यावर हक्क सांगितला, मग कपड्यांवर, आता दिव्यांवरही सांगता का? एक जपानी मधेच तोंड घालायला गेला, त्याला दोघांनी मिळून झोडपलं. पायल अर्थातच कोरियाकडून होती. दोन वर्षांपासून ती ऑनलाइन क्लासात कोरियन शिकत होती. पुढच्या वर्षी तिला तिकडे शिकायला जायचं होतं. आणि आता तिकडची माणसं तिला ‘आपली नागपूरची मुलगी’ म्हणू लागली होती.

“लोनच्यासाठी भांडतात?”

“किमची, आजी. कोबीचं असते. तुला नाही समजणार.”

“काहून नाही समजनार? भिवापुरी मिरचीच्या ठेच्यावरून माह्या जावेनं तीन वर्षं तोंड फिरवलं होतं. पन आम्ही दुनियेत दवंडी नाही पिटली.”

पायल पुन्हा फोनमध्ये शिरली. तुळसाबाईनं मग कोपऱ्यातला कंदील उचलून पाहिला. चौसष्ट गुलाबी पाकळ्या, खाली हिरवी पानं. कंदील देखणा झाला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. बाजारच्या गोंदानं पहिल्या दोन कंदिलांचा लगदा झाला होता, तेव्हा हीच पोरगी उशीत तोंड खुपसून रडली होती. मग तुळसाबाईनं तांदळाच्या पिठाची खळ शिजवून दिली आणि पायलच्या फोनवर एक मुलगी शिकवायला येऊ लागली. आखूड केसांची, हसरी. पंधरा दिवस, रोज संध्याकाळी तासभर. दोघी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये बोलायच्या. पाकळीचं टोक चिमटीत धरून कसं पिळायचं, ते ती दाखवायची. पायलचं चुकलं की ती आपली झालेली पाकळीही उकलायची आणि पुन्हा पहिल्यापासून वळायची. एकदा तिला खळीचं पातेलं दिसलं, तर तिनं टाळ्याच वाजवल्या. तिची आजीही अशीच खळ करायची म्हणे. त्या दिवसापासून तुळसाबाईला त्या पोरीची माया लागली होती.

“बरं, ते मरू दे. तुया त्या कोरियावाल्या पोरीले दाखवला का पुरा झालेला? लाव फोन. मलेही बोलाचं आहे.”

पायलची बोटं थांबली.

“काहून? तिच्याशीही भांडली?”

“ती कोरियाची नाही, आजी.” पायलचा आवाज बारीक झाला. “लिन चीनची आहे. आमच्या क्लासात होती.”

तुळसाबाईनं कंदील हळूच खाली ठेवला आणि समोर बसली. मग पायलला सगळं सांगावंच लागलं. सकाळी लिननं व्हिडिओखाली एकच ओळ लिहिली होती. पाकळ्या सुंदर वळल्या, आजीची खळ पक्की बसली. चीनची पोरगी दिसताच लोक तिच्यावर तुटून पडले. कंदिलावर हक्क सांगायला आली म्हणे, हाकला हिला. कोणीतरी पायललाच विचारलं, ही तुझी कोण? पायलनं उत्तर लिहिलं, मी हिला ओळखत नाही. त्या उत्तराला चार हजार लोकांनी लाल बदाम दिले. नंतर तिनं लिनला ब्लॉक करून टाकलं.

“मी काय करायचं होतं मग?” पायल म्हणाली. “सगळे माझ्यावरच उलटले असते. आणि कंदील कोरियाचाच आहे, आजी. मी खोटं कुठं बोलली?”

इतक्यात विहाराचे रामाजी दारात आले. शिडी लावून ठेवली आहे, कंदील द्या, म्हणाले. सुटका झाल्यासारखी पायल उठली आणि तिनं कंदील उचलला. तुळसाबाईनं तिचं मनगट धरलं.

“बसा जी, रामाजी. घाई नाही.”

रामाजी चप्पल काढून मुकाट्यानं टेकले. तुळसाबाई चिडली की चार घरांपलीकडे ऐकू जायचं, हे त्यांना माहीत होतं. पण आज तिनं आवाज चढवला नाही.

“कंदील कोन्या देशाचा, हे सांगाले सारी दुनिया बसली आहे, पोरी. तो तुले कोनी शिकवला, हे सांगाले तू एकटीच होती. आन् तू नाही सांगितलं.”