वाल्मीक गुरवाचा कौल

"कौल डावाच पडला पायजे," कैलास म्हणाला आणि आंबेमोहोराची पिशवी त्यानं भैरोबाच्या पायरीवर ठेवली.

वाल्मीक गुरवानं पिशवीकडं पाहिलं नाही. ठेवल्याच्या आवाजावरूनच दहा किलो तांदूळ असल्याचं त्याला समजलं होतं. माले गावाच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या त्या वाडीत तीस वर्षं तोच कौल लावत होता. देवाच्या शेंदरी दगडावर दोन बाजूंना दोन फुलं पाण्यानं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं की देव हो म्हणाला, डावं पडलं की नाही.

आता देव काय म्हणणार, हे बरंचसं वाल्मीकच्या अंगठ्यावर असायचं. जे फूल पाडायचं ते लावायच्या आधी अंगठा हळूच कमरेच्या पंच्याला पुसायचा. पाणी कमी पडलं की फूल खाली. वाडीतली लग्नं, विहिरी, भावाभावांच्या वाटण्या आणि एकदा सरपंचकीचा उमेदवारसुद्धा त्या पंच्यानं ठरवला होता.

कैलासचा प्रश्न साधा होता. त्याची लेक दिशा हिंजवडीला एका दवाखान्यात नर्स होती. तिला जर्मनीत नोकरी लागली होती.

"मी न्हाई म्हणलो तर ती ऐकायची न्हाई," कैलास म्हणाला. "देव न्हाई म्हणला तर ऐकंल. लई भरवसा हाय तिचा."

"मग सोड की देवावर."

"देवावर सोडतोय, म्हणून तर तुज्याकडं आलोय."

कैलास गेला आणि तासाभरानं त्याचा धाकटा भाऊ प्रमोद आला. त्याच्या हातात तुपाची बरणी होती. त्याला कौल उजवा हवा होता, कारण अभिनंदनाचा फ्लेक्स छापून झाला होता. मोबाईलवर त्यानं तो दाखवलाही. एका कोपऱ्यात दिशा होती, तिच्या मागं विमान होतं, आणि विमानापेक्षा मोठा, हात जोडलेला प्रमोद होता.

"पौडच्या चौकात लागणारे. आता माघार घेतली तर माझी काय शोभा ऱ्हाईल?"

वाल्मीकनं तूपही ठेवून घेतलं. देवाच्या दारात भेदभाव करणं बरं नव्हे.

संध्याकाळी दिशा आली, ती मोकळ्या हातानं. ड्युटीवरून थेट आली होती.

"वाल्मीककाका, उद्या अंगठा पुसू नका."

वाल्मीकचा हात आपोआप पंच्यावर गेला. "कसला अंगठा?"

"लहानपणी मी कौलाला सगळ्यांच्या पुढं बसायचे. माझी उंची केवढी, मला देव कुठला दिसतोय. तुमचा पंचाच दिसायचा."

वाल्मीकनं इकडंतिकडं बघितलं. देवळात दुसरं कुणी नव्हतं. "येवढं ठाव हाय तर कौल लावतीस कशाला? जायचं तर जा."

दिशा पायरीवर बसली. "तिकडं माझं कोणी नाही काका. भाषा अर्धीमुर्धी येते. आण्णा म्हणतात राहा, प्रमोदकाका म्हणतात जा. मला या दोघांचं ऐकायचं नाही. मला खरंच त्याला विचारायचंय."

"अन् डावा पडला तर?"

"नाही जाणार. मी त्याच्यावर टाकलंय." उठता उठता तिनं विचारलं, "तुम्ही टाकलंय का हो कधी, त्याच्यावर?"

'भार देवावर टाका' हे वाक्य वाल्मीकनं अख्ख्या वाडीला ऐकवलं होतं. स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे मात्र त्यानं पुण्याच्या डॉक्टरला विचारलं होतं. तेही दोन डॉक्टरांना.

सकाळी देऊळ भरलं. कैलास पुढं बसला होता. प्रमोद मोबाईल धरून शूटिंग करत होता. वाल्मीकनं बोटं पाण्यात बुडवली आणि उजवं फूल लावलं. सवयीनं अंगठा पंच्याकडं निघाला. त्यानं तो वाटेत थांबवला, पुन्हा पाण्यात बुडवला आणि डावं फूलही तितकंच ओलं लावलं.

मग त्याच्या लक्षात आलं की आता काय होणार हे त्याला ठाऊकच नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं. पोरगी हात जोडून, डोळे मिटून बसली होती आणि तिच्या सगळ्या आयुष्याचा निकाल दोन ओल्या फुलांवर टांगला होता. लोक असे जगतात तरी कसे, असं त्याला वाटलं.

"बा भैरोबा," तो म्हणाला आणि त्याचा आवाज कापला. लोकांना वाटलं, आज देव फार जवळ आलाय. "लेकरू परमुलखात जायचं म्हणतंय. वाट म्हाईत न्हाई, माणूस म्हाईत न्हाई..."

कोरडं फूलसुद्धा पडायला पाच-दहा मिनिटं घ्यायचं. हे ओलं उजवं फूल त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी पडलं.

दिशानं डोळे उघडले, फूल पाहिलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. प्रमोद फ्लेक्सवाल्याला फोन लावत बाहेर गेला. लोक पांगल्यावर कैलास जवळ आला.

"फसवलंस तू मला."

"मी कायबी केलं न्हाई," वाल्मीक म्हणाला. त्या गाभाऱ्यात तो पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि कैलासचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. मग दाराशी थांबलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तो तिला घरी घेऊन गेला.

वाल्मीक एकटा उरला. चूक कुठं झाली ते बघावं म्हणून त्यानं उजव्या बाजूच्या दगडाला बोट लावलं. दगड डाव्या बाजूइतकाच ओला होता. बोटावरून पाण्याचा ओघळ आला.

तो चटकन मागं सरकला आणि उंबऱ्याला पाठ लावून बसून राहिला. म्हणजे हा खरंच हितं होता. आणि पहिल्या दिवसापासून सगळं बघत होता.