पाव सेकंद

"परत मागे पडलात, आगा!" हॉलचा मालक बागदात स्टेजखालून ओरडला. "बोटं थकली असतील तर तसं सांगा. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको."

सेइलखानने दोन तारांचा दोंबरा मांडीवर आडवा ठेवला. एकसष्ट वर्षांचा माणूस, सगळ्यांचा 'आगा', म्हणजे वडीलधारा. कझाकस्तानातल्या शिमकेंट शहरातल्या निम्म्या सुना त्याच्या गाण्यावर वाकून सासरी आल्या होत्या. नवरीच्या तोंडावरचा पडदा उघडताना बेताशार गायचं, सासरच्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि प्रत्येक नावाला नवरीने वाकायचं, हा रिवाज. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तो नावांवर अडखळला. नवरी भलत्याच वेळी वाकली, लोक खदाखदा हसले. तेव्हापासून बागदात गावभर सांगत सुटला की म्हातारा संपला. आज नवरदेवाच्या आजोबांनी हट्टच धरला म्हणून त्याला बोलावलं होतं, आणि तासाभरात पाहुणे येणार होते.

"बोटं ठीक आहेत माझी. तुझे स्पीकर मागून बोलतात. ही वायर काढ, मी तसाच गातो."

"चारशे माणसं आहेत. तसंच गाऊन मागच्या टेबलाला काय ऐकू जाणार, कप्पाळ? मी नावं घालून बेताशारचं रेकॉर्डिंग करून ठेवलंय. तेच लावू. ते कधी चुकत नाही."

"आगा, एकदा परत वाजवा," झानार म्हणाली. ती तीन आठवड्यांपूर्वीच इथे डीजे म्हणून लागली होती. तिच्या आधी हा लॅपटॉप बागदातच्या मेहुण्याच्या, येरबोलच्या ताब्यात होता.

सेइलखानने तार छेडली. झानारने कान थेट दोंबऱ्याच्या लाकडाला लावला. आधी लाकूड वाजलं, मग स्पीकर वाजला. ती उठली, लॅपटॉपमधली आवाजाची सेटिंग उघडली आणि अशी शिवी हासडली की ताटं मांडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"दोंबऱ्याचा, माइकचा, सगळा आवाज आधी लॅपटॉपमध्ये जातो," ती म्हणाली. "लॅपटॉप तो बादलीत भरतो आणि बादली भरली की स्पीकरमध्ये ओततो. इथे साउंड कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कुणी बसवलाच नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर सगळं चाललंय, आणि बादली ठेवलीय हौदाएवढी. पाव सेकंद उशीर होतो. आगा बरोबर वाजवतात, पण त्यांना ऐकू येतं उशिरा. मग ते आवाजासाठी थांबतात आणि सगळं घसरतं."

"येरबोल म्हणाला होता असं काहीतरी." बागदातने मोबाइलवरून मान वर केली नाही. "पण बादली लहान केली की नाचाची गाणी तडतडायची. लोक इथे नाचायला येतात. एका म्हाताऱ्यासाठी नाच बंद करू?"

"म्हणजे तुला माहीत होतं," सेइलखान म्हणाला.

बागदात मोबाइलवर बोट फिरवत राहिला.

झानारने फोनवरच्या इंटरनेटने कंपनीचा ड्रायव्हर उतरवला. साउंड कार्डाची वायर काढली, ड्रायव्हर बसवला, वायर परत जोडली, लॅपटॉप बंद करून चालू केला. डीजेच्या प्रोग्रॅममध्ये जुन्याऐवजी नवा ड्रायव्हर निवडला. मग नाचाचं एक गाणं लावून ती बादली लहान करत गेली. गाणं तडतडलं तेव्हा एक पायरी मागे आली. तडतड थांबली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

सेइलखानने दोंबरा उचलला. या वेळी बोट आणि आवाज एकत्र उतरले. त्याने बेताशारची पहिली कडवी न अडखळता म्हटली. बायकांनी हातातली ताटं तशीच धरून ऐकलं. कडवी संपली तेव्हा त्याचा चेहरा रागाने काळानिळा झाला होता.

"दोन वर्षं!" तो गरजला. "दोन वर्षं मी कानाच्या डॉक्टरकडे खेटे घातले. शागिर्दांना सांगितलं, दुसरा गुरू बघा. नातीच्या बेताशारला मी तोंड उघडलं नाही, बागदात! ती माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून बसलो. वीस मिनिटांचं काम होतं हे!"

"झालं ना आता ठीक? तुम्ही मोठे आहात, आगा. पोटात घाला."

"पोरी, होतं तसं परत कर."

झानारने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि जुना ड्रायव्हर निवडला, बादली होती तेवढी मोठी केली. सेइलखान स्टेजवरून उतरला. त्याने तिचा हेडफोन बागदातच्या कानांवर चढवला आणि माइक त्याच्या हातात कोंबला.

"तुझे सात बापजादे सांग."

सात पिढ्यांची नावं इथे पोरांना शाळेत जायच्या आधी तोंडपाठ असतात. ज्याला ती येत नाहीत त्याला लोक अनाथ म्हणतात. बागदात हसला.

"हा काय पोरखेळ? घ्या. माझा बाप कुआनिश. त्याचा बाप तोलेगेन. त्याचा... बेक... बेकबो..." कानात त्याचाच आवाज मागून येऊन त्याच्या जिभेत अडकत होता. त्याने आवाज चढवला. "कुआनिश! तोले... तोलेगेन! बेकबो... बो..."

नवरदेवाचे आजोबा चार म्हाताऱ्यांना घेऊन वेळेआधीच आले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. त्यांतला एक हसला. मग दुसराही. बागदातला घाम फुटला. त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि दुसऱ्याच नावावर तोंडघशी पडला.

"चांगल्या घरचा दिसत होता," दारातला एक म्हातारा म्हणाला. "आजोबाचं नावसुद्धा येत नाही?"

बागदातने हेडफोन ओरबाडून काढला.

"येतात! मला सगळी नावं येतात!" तो ओरडला. "चूक माझी नाही, मशीनची आहे!"

माइक अजून त्याच्या हातात होता. पाव सेकंदाने सगळ्या हॉलने ते पुन्हा ऐकलं.