खिडकीपाशी

मुख्याध्यापिकेसमोर बसताच वैजयंतीने पिशवीतला पेढ्यांचा डबा चाचपला. गावी असाच डबा पुढे करून तिने शाळेशाळेत विनवण्या केल्या होत्या, पण लेकीची व्हीलचेअर पाहिली की सगळे हात वर करायचे.

इटलीतल्या या बाईंनी मात्र फक्त पत्ता विचारला. "याच भागात राहता ना, मग हीच तिची शाळा," त्या म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "वर्गात कुठे बसशील?"

"दारापाशी," वैजयंतीच घाईने बोलली. "कुणाला अडचण नको."

बाई लेकीकडेच बघत थांबल्या. लेकीचे शब्द नेहमीसारखे अडखळत, पण एकेक करत बाहेर आले.

"खिडकीपाशी. झाड दिसतं तिथे."

जागा तिने येतानाच हेरून ठेवली होती.

वैजयंतीने डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. "तूच दे बाईंना. आनंदाचे पेढे आहेत."