कोणाचा हात

व्हीलचेअरच्या चाकात अडकलेली नवऱ्याची बोटं बाईंनी एकेक करून सोडवली. दोन बोटांची कातडी सोलून निघाली होती. खुर्चीत बसलेल्या सरांनी मान वळवूनही पाहिलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, आणि डाव्या हाताला तर त्यांनी जणू घराबाहेरच काढलं होतं.

“अहो, दुखलं नाही का?”

“मला कशाला दुखेल? हात तुझा आहे.”

हे रोजचंच. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी परवाच बजावून गेली होती, “काकू, काकांना तो हात आपला वाटायला हवा. नाहीतर असाच कुठेतरी चेंगरेल, जखम चिघळेल, आणि मग हात गमवायची वेळ येईल.”

बाईंनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. पहिल्याच दिवशी अख्ख्या वर्गाला हात वर करायला लावायच्या: माय हॅण्ड, युवर हॅण्ड, हर हॅण्ड. शेजारच्या वर्गात चित्रकला शिकवणारे हेच सर मधल्या सुट्टीत चिडवायचे, “आपल्याकडे नुसतं ‘हात धू’ म्हटलं तरी पोरं स्वतःचेच धुतात. तुझ्या इंग्रजीत मात्र हाताला दर वेळी मालक लागतो!”

मलम लावता लावता बाईंनी पुन्हा तोच धडा काढला. सरांचा उजवा हात उचलला.

“माय हॅण्ड,” सर शहाण्या मुलासारखे म्हणाले.

डावा उचलला.

“युवर हॅण्ड.”

“नीट बघा हो. हा खांदा कोणाचा?”

“माझा.”

“आणि कोपर?”

“असेल माझं.”

“मग त्याच्यापुढे माझा हात कुठून आला?”

“ते मला काय विचारतेस? तूच ठेवून गेलीस. भलताच जड आहे, उचल बघू.”

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. सकाळपासून चादरी, आंघोळ, भरवणं, पुन्हा चादरी. अंग मोडून आलं होतं. वाद घालायचा म्हटलं तरी त्राण लागतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “माझा. माझाच आहे. पण मग त्याला जपा तरी.”

सरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हाताकडे मान वळवली. सोललेली बोटं, वरचं मलम, बराच वेळ पाहत राहिले.

“लागलंय की गं तुला,” ते म्हणाले. आणि उजव्या हाताने तो हात अलगद उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

संध्याकाळी व्यायामवाली मुलगी आली तेव्हा बाई आत भांडी घासत होत्या. सरांच्या मांडीवर उशी होती, उशीवर तो हात, आणि त्याच्यावर शालीचं टोक नीट ओढून घेतलेलं. मुलगी खूश झाली. शाल बाजूला करून तिने बोटं ताणायला घेतली.

“हळू!” सर खेकसले. “हिचा हात आहे तो. दिवसभर राबतो बिचारा.”

मुलीने चमकून वर पाहिलं. आवाज ऐकून बाई दारापर्यंत आल्या होत्या. सरही त्यांच्याकडे बघायला मान वळवत होते.

बाईंनी साबणाने माखलेले दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले.