दोन ग्रॅमचे चिरंजीव

चारही पिस्टन मी असे जुळवले होते की वजनात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नव्हता. इंजिन बसवण्याआधी इंगवलेसाहेबांनी ते देवापुढे ठेवायला घरी नेले. परत आणले तेव्हा एकाच्या माथ्यावर खोल कोरलेलं होतं : चि. रणवीर.

"हा दोन ग्रॅम हलका झाला," मी काट्यावर ठेवून दाखवलं. "इंजिन थरथरेल. बाकीच्या तिन्हींतूनही तेवढंच काढावं लागेल."

"मग तिघी मुलींची नावं कोरा," सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या.

साहेब काट्याकडेच बघत राहिले. "नावं कशाला? ते नुसते घासा."

"घासतो की," मी म्हणालो. "पण सुरुवात चिरंजीवांपासून. माथ्यावर अशा खाचा राहिल्या, तर पिस्टन तिथेच तडकतो."

वहिनींनी नाव कोरलेला पिस्टन स्वतःच उचलून घासायच्या मशीनपाशी ठेवला.