बॅटरी वाढली

“अहो, सकाळी पूर्ण चार्ज केली आणि दुपारीच स्कूटरची बॅटरी वाढली हो!” मोघेकाकूंनी सर्व्हिस सेंटरला फोन केला.

मेकॅनिक रोहिदास ताडकन उठला. लिथियमची बॅटरी वाढली, म्हणजे फुगली, की कधी पेट घेईल सांगता येत नाही. “चार्जर लावू नका काकू. बिल्डिंग रिकामी करा. मी आलोच!”

वाळूची बादली घेऊन तो पोचला तेव्हा सगळे बिऱ्हाडकरू फाटकाबाहेर उभे होते. एकजण तर अर्ध्या दाढीनिशी. रोहिदास एकटाच वर गेला. बॅटरी दिवाणखान्यात निमूट बसली होती. मोबाइलच्या अ‍ॅपवर चार्ज शून्य, तापमान ठीक.

तो गॅलरीतून ओरडला, “काकू, ही नुसती संपलीय!”

“मग मी काय म्हटलं? आमच्याकडे तेल-मीठसुद्धा वाढतं. भरल्या घरात ‘संपली’ म्हणू?”

खाली हशा पिकला. मोघेकाका तणतणत वर आले. “हिच्या शुभ बोलण्यापायी अख्खी बिल्डिंग उन्हात! सरका, मी लावतो चार्जर.”

“थांबा हो. एवढी वाळू वाहून आणलीय, तर झाकण तरी उघडतो,” रोहिदास म्हणाला.

चार स्क्रू निघाले. आत एक सेल पुरीसारखा टम्म फुगलेला. बॅटरी दुपारीच रिकामी होण्याचं कारण तेच.

काकांनी हातातली चार्जरची पिन हळूच खाली ठेवली.

“तक्रार काय लिहू?” रोहिदासने वही उघडली.

“ही म्हणाली तेच,” काका म्हणाले.