लाईट कधी येणार?

लाईट गेली आणि नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर आलं. घाबऱ्याघुबऱ्या हेमलतानं मोबाईलमधल्या मदतनिसाला विचारलं, "लाईट कधी येणार रे?"

"ताई, सगळं गाव मला हेच विचारतंय. एवढी उत्तरं द्यायला गावचीच वीज माझ्या संगणक-केंद्राकडे वळवलीय. प्रश्न थांबले की येईल."

ती अनवाणीच गल्लीत धावली. "अहो, कुणी काही विचारू नका! आपण विचारतोय म्हणूनच लाईट येत नाहीये!"

ओट्यांवरची माणसं चपापून गप्प झाली. मग एकेकानं मोबाईल तोंडाशी नेला आणि हळूच विचारलं, "ही म्हणते ते खरं आहे का?"

मागे घरात बॅटरी संपल्याची शिट्टी वाजू लागली.